अर्ध्या पेन्शनची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी काळी पेटी आहे, आणि हे सारे मी कुलपाच्या आतून सांगते आहे. माझे झाकण महिन्यातून एकाच दिवशी उघडते, तेही थोड्या वेळापुरते. बाकीचे सारे दिवस मी साखरखेर्ड्यात, कचरूच्या घराच्या आतल्या खोलीत, भिंतीला टेकून असते. माझ्या पोटात एकच वस्तू आहे. पेन्शनचे एक पातळ पुस्तक. एवढ्या मोठ्या पेटीत एवढेसे पुस्तक का, असे तुम्हाला वाटेल. तेच तर सांगायचे आहे.

माझा जन्म कामठीचा. तिथल्या छावणीबाहेर पत्र्याचे काम करणाऱ्यांची दुकाने होती. एका म्हाताऱ्या कारागिराने जाड पत्रा कापला, कडा दुमडून ठोकल्या, कोपऱ्यांवर पट्ट्या मारल्या आणि मला काळ्या रंगाचे दोन हात दिले. सहदेव नावाच्या नव्या जवानाने मला विकत घेतले. पलटणीतल्या रंगाऱ्याने माझ्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत त्याचे नाव आणि नंबर लिहिला. त्या दिवशी मी त्याची झाले.

पंधरा वर्षे मी त्याच्या खाटेखाली राहिले. रेल्वेच्या डब्यात, ट्रकच्या फळीवर, तंबूच्या ओल्या जमिनीवर, जिथे त्याला धाडले तिथे मीही गेले. माझ्या आत घोंगडी, बूट घासायचा ब्रश, पितळेचा मग आणि खालच्या कागदाखाली घरची पत्रे असत. पत्रे त्याची बायको पंचफुला शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेई. प्रत्येक पत्रात आधी सगळे खुशाल असे, मग बाकीचे. एका पत्रात लिहिले होते की लेक तापाने गेली. ते पत्र सहदेवने पुन्हा कधी वाचले नाही. फेकलेही नाही.

तपासणीच्या दिवशी तो मला तेलाच्या फडक्याने पुसायचा. एकदा एका मोठ्या साहेबाने हातातल्या छडीने मला टकटक केले आणि म्हटले, “बॉक्स अच्छा रखा है.” मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी शाबासकी होती. ती मी अजून विसरलेले नाही.

सन अठ्ठावन्नमध्ये सहदेव हवालदार होऊन घरी परतला. मलकापूरला आम्ही रेल्वेतून उतरलो. तिथून मोटारीच्या टपावर बसून मी राजूरचा घाट चढले, बुलढाणा पाहिले, चिखली पाहिली. साखरखेर्ड्याला उतरलो तेव्हा माझ्यावर बोटभर धूळ होती. घरी पंचफुलाने पदराने माझी धूळ पुसली. आधी माझी पुसली, मग नवऱ्याला पाणी दिले, म्हणून शेजारच्या बाया पुष्कळ दिवस हसत होत्या.

पण मित्रांनो, दोन माणसे पंधरा वर्षे वेगळी राहिली की ती एका घरात मावतातच असे नाही. सहदेवला सगळे वेळेवर लागायचे. पाचला उठणे, सहाला चहा. तांब्या कुठे, विळा कुठे, याची त्याने जागा ठरवली. पंचफुलाची लुगडी तो चौकोनी घड्या घालून माझ्यात रचायचा आणि तिने एखादे ओढून काढले की कपाळाला हात लावायचा. तिने पंधरा वर्षे आपल्या मनाने घर चालवले होते, मजुरी केली होती, सासू-सासऱ्यांचे शेवटपर्यंत केले होते. ती म्हणायची, “मी काय तुमची पलटन हाय का? शिट्टी वाजवली की उभं राहा लागते मले?”

तो तिला मारत नसे. शिव्याही देत नसे. तो गप्प होई, आठ-आठ दिवस. तीही गप्प होई. तीन वर्षांत त्या घरात इतके कमी बोलणे झाले की मला तंबूतले दिवस बरे वाटू लागले. एक दिवस पंचफुला त्याच गावात राहणाऱ्या भावाकडे, कचरूकडे, निघून गेली. परत आली ती फारकत मागायलाच. सहदेव म्हणाला, “हो. मलाबी तेच पायजे.” पुष्कळ दिवसांत त्या दोघांचे एवढेच एकमत झाले होते.

मग वस्तीतली माणसे विहारापुढच्या अंगणात जमली. घरातली सगळी चीजवस्तू वाटणीसाठी तिथे मांडली होती, म्हणून मीही तिथे होते. मेहकरहून एक अर्जनवीस बोलावला होता. स्टँपपेपरवर फारकत लिहायची होती. पंचफुलाची चुलती झुंबरबाई मात्र हटून बसली. पूर्वी काडी मोडून नवराबायको वेगळे करीत, तशीच आताही मोडा, असे तिचे म्हणणे होते.

“आत्या,” वस्तीतले वडीलधारे निवृत्तीबाबा म्हणाले, “धरम बदलून पाच-सहा वर्सं झाली. जुन्या रीती आपून सोडल्या. आता काडी नाही, कागद.”

“कागद मले वाचता येत नाही,” झुंबरबाई म्हणाली. “काडी तं दिसते.”

लोक हसले, पण कागदच झाला. भांडी वाटली. शेळी पंचफुलाला गेली. खाट सहदेवला राहिली. मग पेन्शनची गोष्ट निघाली.

पंचफुला उभी राहिली. ती म्हणाली, “हे तिकडं बंदूक घेऊन उभे होते, मी इकडं ह्यायच्या मायबापाजोळ उभी होते. नौकरी दोघानं केली. पेन्शन एकट्याची कशी?”

सहदेव खाली पाहत होता. तो म्हणाला, “अर्धी तिची. मी नाही म्हनत नाही.”

पण अर्जनविसाने लेखणी खाली ठेवली. नवे राज्य होऊन वर्ष-दीड वर्षच झाले होते आणि त्याला कचेरीतले नवे शब्द वापरायची हौस होती. तो म्हणाला, “निवृत्तिवेतन वाटता येत नाही.”

“निवृत्तीचं वेतन?” निवृत्तीबाबा म्हणाले. “मले तं आजवर कोनी देलं नाही बुवा.”

पुन्हा हशा झाला. अर्जनवीस हसला नाही. त्याने समजावून सांगितले की सरकार ज्याच्या नावावर पेन्शन देते, त्याच्याच हातात देते. कागदावर अर्धी लिहिली तरी मेहकरच्या खजिन्यात तो कागद कोणी पाहणार नाही. पैसे घ्यायला दोन गोष्टी लागतात. एक पुस्तक, आणि दुसरा ज्याचे नाव त्या पुस्तकात आहे तो जिवंत माणूस.

निवृत्तीबाबांनी बराच वेळ दाढी खाजवली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मित्रांनो, त्या नजरेने माझे उरलेले आयुष्य ठरले.

“काडी मोडता येते, पेन्शन मोडता येत नाही,” ते म्हणाले. “मंग असं करा. पुस्तक ह्या पेटीत. पेटी पंचफुलाच्या घरी. किल्ली सहदेवजोळ. पेटीबिगर किल्ली कामाची नाही, किल्लीबिगर पेटी कामाची नाही. महिन्याच्या महिन्याले दोघंबी सोबत मेहकरले जा, पैसे घ्या, तिथंच पायरीवर अर्धे करा, अन् पुस्तक वापस पेटीत.”

सगळ्यांनी माना हलवल्या. फार शहाणपणाचा निवाडा झाला म्हणून लोक खूश झाले. माझी दुसरी किल्ली पलटणीतच हरवली होती. उरलेली एक सहदेवने दोरीत ओवून गळ्यात घातली. दोन माणसांनी मला उचलले आणि कचरूच्या घरी नेऊन ठेवले. ज्याचे नाव माझ्या छातीवर लिहिले होते, त्याच्या घरी मी पुन्हा गेले नाही.

तेव्हापासूनचे दिवस मोजायला मला फार सोपे जाते, कारण ते सगळे सारखे आहेत. माझ्यावर कधी ज्वारीचे पोते असते, कधी कचरूच्या लेकरांची दप्तरे. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात बिजागरी गंजते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारात बुटांचा आवाज होतो आणि कचरूची बायको तानाबाई आतूनच ओरडते, “आले व तुह्ये पेन्शनवाले.”

सहदेव आत येतो, पोते उतरवतो, किल्ली लावतो. पंचफुला पुस्तक घेते, रुमालात बांधते. मग दोघे मोटारीच्या थांब्यावर जातात. ती पुढे बायांमध्ये बसते, तो मागे बसतो. फारकत झाल्यावर ती त्याचे नाव घ्यायला मोकळी झाली होती, पण इतक्या वर्षांची सवय, तिची जीभ त्या नावाकडे वळेना. नवरा म्हणता येईना, नावही घेता येईना. म्हणून ती त्याला नुसते “आयका” म्हणते. तो तिला “बाई” म्हणतो. खजिन्यात तो सही करतो, ती दाराबाहेर उभी राहते. पायरीवर तो तिच्या हातावर अर्धे पैसे ठेवतो. संध्याकाळी पुस्तक पुन्हा माझ्यात येते, कुलूप लागते, आणि अंधार होतो.

त्या अर्ध्या पैशांवर पंचफुलाचे सगळे उभे होते, हे तुम्हाला सांगायला हवे. भावाच्या घरात तिची वेगळी चूल होती ती त्यामुळेच. तानाबाई वाईट बाई नव्हती, पण ज्या महिन्यात पैसे दोन-चार दिवस उशिरा येत, त्या महिन्यात तिच्या भांड्यांचा आवाज वाढे. पंचफुलाला तो आवाज कळे. ती माझ्यावर हात ठेवून बसे. तिचा हात मला बाहेरून समजे, पण मी काही करू शकत नव्हते. मी उघडूही शकत नव्हते.

सहदेवही मोकळा नव्हता. लांब कुठे जावे, राहावे, असे त्याला वाटले तरी महिना भरत आला की त्याला परतावे लागे. गळ्यातले दावे लांब होते एवढेच.

अशी तीन वर्षे गेली. मग मलकापूरहून अर्जुनरावाचा निरोप आला. अर्जुनराव हा पलटणीतला त्याचा जुना सोबती. तो तिथे कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुकादम होता. चौकीदाराची जागा आहे, राहायला खोली आहे, फौजी माणूस पाहिजे, असा तो निरोप होता. त्या महिन्यात सहदेवने कुलूप उघडले, पण पुस्तक लगेच दिले नाही.

“बाई,” तो म्हणाला, “मी मलकापूरले चाललो. हे पुस्तक तिकडच्या खजिन्यात बदलून घेतो. तुह्या हिश्शाची मनीआर्डर करत जाईन. एक महिना चुकणार नाही.”

“पलटनीतून किती मनीआर्डरी चुकल्या ते मले ठाव हाय.”

“तवा लढाई होती.”

“आता जिनिंग हाय. उद्या दुसरं काई राहीन.” तिने त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतले. “पुस्तक गावातून गेलं की माह्यं अर्धं गेलं. तुमी जा. पुस्तक येत नाही.”

त्या दिवशी मेहकरला जाऊन आल्यावर त्याने मला इतक्या जोरात बंद केले की माझ्या झाकणाचा एक कोपरा वाकला. पलटणीत त्याने असे कधी केले नव्हते.

एप्रिलचे पैसे आणून पुस्तक माझ्यात ठेवल्यानंतर आठवड्याभरात कचरूच्या घरामागे कडब्याच्या गंजीला आग लागली. गोठा जळाला, आतल्या खोलीची कुडाची भिंत जळाली. धूर माझ्या फटीतून आत आला. त्या आगीत पंचफुला शिरली. घरात धान्य होते, कपडे होते, पण तिने आधी माझी कडी धरली आणि मला फरफटत अंगणात आणले. माझ्या एका बाजूचा रंग फुगून गळाला. तिच्या तळहातावर कडीचा लाल वळ उठला. सहदेव बादली घेऊन धावत आला होता. त्याने मला अंगणात पाहिले. आम्ही दोघींनी त्याला पाहिले.

मे महिन्यात तो आला नाही.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तानाबाईने विचारले, “काऊन व, ह्या महिन्यात पेन्शनवाले कुठं गेले?” पंचफुलाने चूल पेटवणे एक वेळेवर आणले.

महिना संपता संपता एक दिवस सकाळी रामराव पटवारी घरी आले. मागोमाग सहदेव आला. तो दारातच उभा राहिला. घरात खुर्ची नव्हती. पाहुणा आला की जे करतात तेच तानाबाईने केले. माझ्यावर गोधडी टाकली आणि म्हणाली, “बसा, सायेब.”

रामराव पटवारी माझ्यावर बसले. त्यांनी चष्मा लावला, पिशवीतून कागद काढला आणि वाचू लागले. सहदेवने खजिन्यात दिलेला तो अर्ज होता. पुस्तक नष्ट झाले असून नवे मिळावे आणि पेन्शन मलकापूरला बदलून मिळावी, असे त्यात लिहिले होते. मेहकरच्या कुणा अर्जनविसाची ती अक्कल असावी. पटवारी ठणठणीत आवाजात वाचत होते, “सदर पुस्तक, ते ज्या काळ्या पेटीत ठेवले होते त्या पेटीसह, आगीत जळून खाक झाले आहे.”

मित्रांनो, माणसाला आपल्या मरणाची बातमी ऐकायला मिळत नाही. मला मिळाली. मी जळून खाक झाले होते, आणि ज्यांनी ते वाचले ते माझ्यावरच बसले होते.

तानाबाईने तोंडाला पदर लावला. कचरूने सहदेवकडे पाहिले आणि सहदेवने जमिनीकडे.

“चौकशीचा हुकूम आहे,” पटवारी म्हणाले. “पंचनामा करून पाठवायचा. बाई, पेटी तुमच्या ताब्यात होती. ती जळाली, हे खरे आहे?”

पंचफुला चुलीजवळ उभी होती. आतून मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. ती हो म्हणाली असती तर नवे पुस्तक सहदेवच्या हातात गेले असते, तो मलकापूरला गेला असता, आणि तिची चूल विझली असती. ती नाही म्हणाली असती तर सरकारला खोटे लिहून दिले म्हणून सहदेव अडकला असता. पेन्शन बंद झाली असती, त्याची आणि तिचीही. दोन्ही बाजूंना भिंत होती. अशी जागा मला चांगली माहीत आहे. मी तशाच जागेत राहते.

“सायेब,” ती म्हणाली, “जरा उठता का?”

“का?”

“तुमी तिच्यावरच बसले.”

पटवारी उठले. त्यांनी गोधडी बाजूला केली आणि माझ्या छातीवरचे नाव वाचले. मग चष्मा काढून सहदेवकडे पाहू लागले.

“ह्यायची चूक नाही,” पंचफुला म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. “आगीतून म्या काढली पेटी. ह्यायले सांगितलं नाही. ह्यायले वाटलं जळाली.”

“महिनाभर सांगितले नाही?”

“फारकत झालेल्या बाईनं कायले सांगा लागते?”

पटवाऱ्यांनी माझ्या कुलपाला हात लावला. “किल्ली कुठे आहे?”

सहदेवने गळ्यातली दोरी काढली.

“पेटी जळाली आणि किल्ली गळ्यात ठेवली होय?”

“फौजीची सवय हाय, सायेब,” सहदेव म्हणाला. “कुलूप गेलं तरी किल्ली जमा करा लागते.”

रामराव पटवाऱ्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. ते हसू होते की राग, मला सांगता येणार नाही. त्यांनी कुलूप उघडायला लावले, पुस्तक काढून पाहिले, आणि पुन्हा बसायला जागा मागितली. यावेळी ते पोत्यावर बसले. त्यांनी लिहिले की पेटी व पुस्तक सुस्थितीत सापडले असून अर्जदाराचा गैरसमज झाला होता. पंच म्हणून कचरूने सही केली, बोलावून आणलेल्या झुंबरबाईने अंगठा दिला, आणि पटवारी चहा पिऊन गेले.

सहदेव माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, “काऊन वाचवलं मले?”

“तुमाले कोनी वाचवलं? माह्या अर्ध्याले वाचवलं.”

“मलकापूरची जागा गेली. त्यायनं दुसरा मानूस ठेवला.”

“मंग?”

“मंग काई नाही.” त्याने दोरी तिच्यापुढे धरली. “किल्ली ठेव तुह्याजोळ. माह्यावर भरोसा राह्यला नाही. मी महिन्याले येत जाईन, सही करीन.”

पंचफुलाने किल्लीकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही. “किल्लीबी माह्याजोळ आली तं सगळीच पेटी माह्या अंगावर येते,” ती म्हणाली. “अर्धं ओझं तुमचं हाय. तुमचं तुमी वागवा.”

त्याने दोरी पुन्हा गळ्यात घातली. पुस्तक ठेवले, झाकण लावले. वाकलेला कोपरा त्याने अंगठ्याने दाबून पाहिला, पण तो बसला नाही.

मित्रांनो, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. आमच्या वाटणीत काहीच बदलले नाही. तो येतो, ती निघते, दोघे मोटारीत वेगवेगळे बसतात. त्याचे बूट जाऊन आता चपला आल्या आहेत. तिला मोटारीची पायरी चढताना दांडा धरावा लागतो. आगीने गेलेला माझा रंग कोणी पुन्हा लावला नाही.

तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी पेटी असेल. तिच्यावर फार ओझे ठेवू नका. पावसाळ्याआधी तिच्या बिजागरीला दोन थेंब तेल घाला आणि अधूनमधून तिला उन्हात उघडी ठेवा. दोन माणसांनी मिळून केलेल्या कष्टांचे काही तिच्यात असेल, तर ते कोणाच्या नावावर आहे एवढेच पाहून थांबू नका. दुसऱ्याचेही विचारा. कचेरीत ते विचारीत नाहीत. निदान घरात विचारावे.

मला सुटका हवी का, असे तुम्ही विचाराल. पूर्वी हवी होती. पण सहदेव आहे तोपर्यंतच ही पेन्शन आहे, हे खजिन्यातल्या कारकुनाने दोघांना सांगितले आहे. त्याच्यामागे फारकत झालेल्या बाईला काही मिळत नाही. पुस्तक जमा करावे लागते. म्हणजे माझे कुलूप कायमचे निघेल, त्या दिवशी तो नसेल आणि तिच्या चुलीलाही काही उरणार नाही. म्हणून मी आत अंधारात बसते, महिना भरत आला की दाराकडे कान देते, आणि चपलांचा आवाज आला की हे कुलूप अजून एक महिना तरी टिको, असे म्हणते.